वन्सं, टाकी आंबली होती

वन्सं, त्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवल्यापासून तो गाळून कपात ओतेपर्यंत मी तुमच्याशी भांडत होते, आणि तुम्ही गेलेल्या होतात.

हे वाक्य मी लिहिलं खरं, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. लिहून पुन्हा वाचलं, तरी नाही. कोणीतरी लाल शाईने खोडून दुरुस्त करून देईल असं वाटतंय, आणि ते करणारं माणूस म्हणजे तुम्हीच. जन्मभर शाळेत पोरींचे विज्ञानाचे पेपर तपासलेत, माझ्या वाणसामानाच्या चिठ्ठीतसुद्धा ऱ्हस्वदीर्घ काढायचात.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. अंगणात तुमची ती काळी टाकी, घरातल्या खरकट्याचा गॅस करणारी, आणि टाकीशेजारी तुमचं स्टूल. रोजच्यासारखी तुम्ही बादली टाकीच्या तोंडात ओतलीत, काठीने ढवळलंत आणि स्टुलावर बसलात. मी खिडकीतून म्हणाले, "वन्सं, गल्लीत पाइपचा गॅस आलाय. अभय म्हणतो, अर्ज करून टाकू. अजून किती वर्षं बादल्या उचलायच्या?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मी बोलत राहिले. माझ्या गुडघ्यांवर बोलले, तुमच्या पाठीवर बोलले, ओल्या फरशीवर घसरून पडण्यावर बोलले. पाइप आल्यापासून शेजारच्या साठेवहिनी कशा टवटवीत दिसतात यावरही बोलले, जे धादांत खोटं आहे. तुम्ही गप्प. तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? आलं, की जिंकले! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वन्सं निरुत्तर झाल्या. त्या आनंदात तुमच्या चहात मी थोडी साखर जास्त घातली.

कप घेऊन बाहेर आले, तर काठी तुमच्या मांडीवर आणि डोळे टाकीकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, क्षणात झालं, त्रास झाला नाही. त्रास झाला नाही हे त्यांना कोणी सांगितलं? तो कप मी कुठे ठेवला, अजून आठवत नाही. घरातही कुठे सापडत नाही.

विद्युतदाहिनीतच नेलं तुम्हाला, तुम्ही बजावून ठेवल्याप्रमाणे. मेल्या माणसासाठी झाड तोडायचं नाही, हा तुमचा हुकूम. मी एकदा म्हटलं होतं, "लाकूडही पुन्हा उगवतंच की, तुमच्याच शास्त्राप्रमाणे." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "उगवू दिलंस तर." तो वाद तिथेच राहिला. माझ्याकडे चांगलं उत्तर तयार होतं, पण ते मला दोन वर्षांनी सुचलं होतं.

आपल्याला दोघींना एका घरात बघून लोकांना नवल वाटायचं. तुमचे भाऊ गेले, अभयने वारज्याला फ्लॅट घेतला, तेव्हा सगळे मला म्हणाले, आता नणंदेबरोबर कशाला राहतेस, मुलाकडे जा. मी म्हटलं, मुलाकडे भांडायला कोण आहे?

खरं म्हणजे भांडायला सुरुवात मी नाही, त्या दुसऱ्या बाईने केली. म्हणजे मीच, पण लग्न होऊन या घरात नुकत्या आलेल्या त्या नलूने. काय ते ध्यान! आज समोर आली तर दोन्ही कान धरून ओट्यावर बसवीन. तेव्हा कर्वेनगर म्हणजे नुसती शेतं, अंधार पडला की रिक्षावाले इकडे यायला नाही म्हणायचे. आणि ही सदाशिव पेठेतली महाराणी. गॅसच्या सिलिंडरसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची तो काळ. हिच्या माहेरी सिलिंडर नुकताच आलेला, हिच्या आईने त्याला हळदकुंकू लावून घरात घेतलेला. आणि सासरी येऊन बघते तो काय, अंगणात खड्डा, खड्ड्यात शेण, शेणावर तरंगणारं लोखंडी पिंप, आणि पिंपातून नळी थेट स्वयंपाकघरात!

पहिल्या दिवशी तुम्ही चहा पुढे केलात, तर हिने पदर नाकाला लावला. म्हणे, "मला चहाची सवय नाही." माहेरी दिवसातून चारदा ढोसायची. मग रोज दुपारी साठेवहिनींकडे विणकाम शिकायला जायची. विणकाम आजतागायत आलं नाही. शेगडीशेजारी उदबत्तीही लावायची. तुम्ही एक दिवस विचारलंत, "नलू, शेगडीची पूजा मांडलीस का?"

"नाही, वास येतो."

"गॅस जळल्यावर वास राहत नाही. येत असेल तर तो उदबत्तीचा आहे."

आणि तो सिलिंडर! माझी आई पहिल्यांदा राहायला येणार म्हणून महाराणींनी साठ्यांकडचा रिकामा सिलिंडर मागून आणला आणि शेगडीच्या बाजूला दिमाखात उभा केला. आई जेवायला बसली. पोळी बघून म्हणाली, "बघा, सिलिंडरवरची पोळी कशी टम्म फुगते!" तुम्ही शेजारच्या पाटावर मान खाली घालून वरणभात कालवत होतात. तुम्ही वर न बघता म्हणालात, "हो ना. नलूने फार जपलाय हो. अजून नळीसुद्धा जोडली नाही."

आईला कळायला एक घास लागला. मग ती जी हसली, तिला ठसका लागला, तुम्ही तिच्या पाठीवर थोपटलंत, आणि त्या दिवसापासून माझी आई माझ्या घरी येऊन तुमच्याशी गप्पा मारायला लागली.

पुढे कधीतरी सिलिंडरची टंचाई झाली. गल्लीत कोणाकडे चूल पेटेना. साठेवहिनी डाळीचा कुकर घेऊन आपल्या दारात, त्यांच्यामागे आणखी दोघी. तर हीच नलू कंबरेला पदर खोचून सांगते, "या ना, या. आमच्याकडे काय, घरचाच गॅस!" तुम्ही मागून जाता जाता म्हणालात, "कालपर्यंत 'तुमचा' होता."

शाळेत तुम्ही त्याला मोठं नाव द्यायचात, नूतनीकरणक्षम ऊर्जा. मी म्हणायची, हा शब्द संपेपर्यंत दूध उतू जातं. मग तुम्ही, एरवी मोजून बोलणाऱ्या, ओट्याला टेकून उभ्या राहायचात. "असं समज. झाडाने ऊन खाल्लं. झाड आपण खाल्लं, काही गाईने खाल्लं. आपलं उष्टं आणि तिचं शेण टाकीने खाल्लं. म्हणजे तुझ्या शेगडीत जळतंय ते ऊनच. उरलेला रेंदा झाडाला घातलास की ते पुन्हा ऊन खायला मोकळं. संपतंय कुठे?"

"मग थेट सूर्याचीच चूल घ्या की. बादल्या तरी उचलाव्या लागणार नाहीत."

"सूर्य आपला आपण उगवतो. ह्याला रोज सकाळी कोणीतरी माणूस लागतं. म्हणून तर लोकांना नको असतं."

मलाही नको होतं. आजूबाजूचे गोठे उठले, त्यांच्या जागी इमारती आल्या, शेण मिळेनासं झालं, तेव्हा मला वाटलं सुटले. तुम्ही शांतपणे खड्डा बुजवलात आणि या काळ्या टाक्या आणल्यात, एकीत दुसरी उलटी बसवलेली. आता शेणाऐवजी घरातलं खरकटं, पिठाच्या गिरणीतला कोंडा, गल्लीतलं शिळंपाकं. शेण फक्त सुरुवातीला, विरजणापुरतं. गॅस धरला की वरची टाकी हळूहळू वर उचलली जाते. तुम्ही रोज सकाळी तिच्याकडे बघायचात, जशी मी अभयच्या उंचीच्या खुणांकडे बघायची. तेव्हा मी हसायची. बाई टाकीत एवढी रमते म्हणून.

तर, तुम्ही गेलात. घरात चूल पेटवायची नाही म्हणून साठेवहिनींनी पिठलंभात आणला. तुम्हाला हे असलं काही पटलं नसतं, पण तुम्हाला विचारायचं कसं? मग आमटी आली, खिचडी आली, कढी आली, कोणाकडून पातेलंभर पुलाव आला. पुण्यात एरवी पाहुण्याला चहा विचारताना आवाज बारीक होतो, पण दुःखाच्या घरी माणसं असं वाढतात की बास. आम्ही दोन घास खाऊन डबे बाजूला सारत होतो. मुग्धा, माझी सून, डबे बघून म्हणाली, "आई, एवढं सगळं टाकून द्यायचं?"

"टाकून कशाला? टाकी आहे ना."

आणि मी घालत सुटले. सकाळी बादली, संध्याकाळी बादली. आमटी, भात, कढी, लोणच्याच्या फोडी, सगळं. माझ्या हातांना काहीतरी करायला हवं होतं, वन्सं. घरात तुमची अशी तेवढीच गोष्ट होती जिला अजून भूक लागत होती. शेगडी बंद, त्यामुळे गॅस खर्च होत नव्हता. वरची टाकी फुगून अशी वर आली की कडेने बुडबुडे निघायला लागले. मी तिच्यावर हात ठेवून म्हटलं, बघा, तुमच्यापेक्षा माझ्या हाताला गुण आहे.

मग पुन्हा स्वयंपाक करायचा दिवस आला. नळ सोडला, काडी लावली. फुस्स. दुसरी काडी, फुस्स. टाकी काठोकाठ फुगलेली, नळीत गॅस सरसरतोय, आणि पेट घेत नाही. अंगणात गेले, झाकण उघडलं, तर आंबट, नाक जाळणारा भपकारा.

वन्सं, मी स्टुलावर बसलेच. सगळं होतं तिथल्या तिथे आणि आत काही नव्हतं. असं मी नुकतंच एकदा पाहिलं होतं.

अभय मागे येऊन उभा राहिला. "आई, जाऊ दे ना आता. आत्या गेली, तिच्यामागे टाकी गेली. पाइपवाला माणूस पाहणीला येणारच आहे. ही उचलून नेऊ."

माझ्या तोंडून निघालं, "गेली नाहीये. आंबलीये."

"म्हणजे?"

"अजीर्ण झालंय तिला. एकदम फार घातलं मी. त्यात आंबट. असं झालं की आतले जंतू गॅस करतात, पण जळणारा करत नाहीत. लंघन घालायचं, काही खायला द्यायचं नाही. थोडा चुना. आणि ताजं शेण."

अभय माझ्याकडे बघत राहिला. मीही माझ्याकडे बघत राहिले. हे शब्द तुमचे होते. कधीतरी गणपतीत पाहुण्यांचं उरलंसुरलं घालून मी अशीच टाकी आंबवली होती, तेव्हा तुम्ही हेच्च बोलला होतात, आणि मी वर विचारलं होतं, "मग पेज भरवू का तिला?" तुमचं मी कधी काही ऐकत नाही, असा माझा स्वतःबद्दल फार चांगला समज होता.

सुतक फिटलं नव्हतं. बादली घेऊन दारात रिक्षा थांबवली तर साठेवहिनी कठड्यावरून वाकल्या. "अहो नलूताई, या दिवसांत कुठे निघालात?"

"वारज्याला. शेण आणायला."

"शेण? सुतकात?"

"मग काय, पेढे आणू?"

त्या आत गेल्या. गल्लीला बातमी पोचवायला फारसा वेळ लागला नसेल.

अभयच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, दोन उंच इमारतींच्या फटीत, एक गोठा अजून तग धरून आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला इतका ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं. गोठेवाली पार्वताबाई मला बघून म्हणाली, "कोन हवंय, आज्जी?"

मी म्हटलं, "कर्वेनगरहून आले. थोडं ताजं शेण हवं होतं. टाकीसाठी."

"टाकीसाठी? मग मास्तरीणबाईंच्या घरच्याच की तुमी! आज त्या न्हाई आल्या?"

मी म्हटलं, "गेल्या."

"कुटं?"

वन्सं, एवढ्या दिवसांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. सगळ्यांना आधी कळलेलंच होतं. सगळे येऊन नुसता हात धरायचे. त्या बाईला सांगावं लागलं, शब्द जुळवून, तोंडाने. माझ्या कानांवर ते पहिल्यांदा पडलं. ती हातातली पाटी खाली ठेवून दावणीजवळ मटकन बसली. म्हणाली, "आवो, असं कसं? आत्ता परवाच्याला हितं बसून च्या पिऊन गेल्या की." तिलाही पटेना. आम्ही दोघी म्हशींच्या मधे बसून राहिलो, दोन अनोळखी बायका, एकमेकींना पटवत.

मग तीच म्हणाली, "तुमी नलू का? गुडगं दुखणारी?"

"हो."

"लई बोलायच्या तुमच्यावर." आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. "म्हनल्या, नलू पाइपाच्या गॅसपायी मागं लागलीय. मी म्हनलं, मग घिऊन टाका की, म्हातारपनी सुख. तर म्हनल्या, घ्यायचाच हाय, ती काय खोटं बोलत न्हाई. पर तिला एवढ्यात सांगनार न्हाई. एकदा व्हय म्हनलं की भांडायचं काय?"

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द.

तुम्ही, वन्सं, तुम्ही! घरात दोन शब्दांत विषय संपवणाऱ्या तुम्ही, गोठ्यात बसून चहा पिता पिता माझ्याबद्दल इतकं बोलायचात? आणि होकार देऊन बसला होतात? म्हणजे त्या सकाळी मी खिडकीतून घसा कोरडा करत होते ती कोणाशी? आधीच मान्य केलेल्या बाईशी, आणि आधीच गेलेल्या बाईशी. यातला मोठा धक्का कोणता, ते मला अजून ठरवता येत नाहीये. मला तुमचा इतका राग आला की रडू यायच्या ऐवजी मी पार्वताबाईच्या म्हशीला म्हटलं, "बघ, बघ ही माणसं!" म्हशीने शेपटी हलवली. ती तुमच्या बाजूची असणार.

परत यायला रिक्षा मिळेना. एकाने थांबवली, बादलीकडे बघितलं. "आजी, काय आहे त्यात?"

"विरजण."

"झाकण घट्ट आहे ना?"

"तुमच्या ब्रेकपेक्षा."

बसू दिलं त्याने. नंतर पूर्ण रस्ताभर मात्र त्याने मान बाहेर काढूनच रिक्षा चालवली.

घरी अभय कपाळाला हात लावून बसलेला. "आई, माझ्या सोसायटीच्या मागे जाऊन शेण मागितलंस? उद्या लिफ्टमध्ये लोक मला विचारतील."

मला त्याची दया आली. अगदी सदाशिव पेठेवर गेलाय. "सांग त्यांना, आई आता गोवऱ्या थापते." आणि मी बाह्या सरसावून बादलीत हात घातला, शेण पाण्यात कालवलं, गुठळ्या फोडल्या. कोपरापर्यंत. ती लग्नातली नलू कुठूनतरी हे बघत असेल तर तिला घेरी आली असणार. येऊ दे.

मग लंघन. घरातलं खरकटं कचऱ्याच्या गाडीत. टाकीला नुसतं पाणी, चिमूट चिमूट चुना. रोज सकाळी एक काडी आणि एक फुस्स. अभय आणि मुग्धा दिवसकार्यं उरकून वारज्याला परतले. जाताना मुग्धा म्हणाली, "आई, नाही पेटली तर वाईट वाटून घेऊ नका हं." मी म्हटलं, "वाईट कसलं? गॅसच आहे तो." पण रोज काडी लावण्याआधी मी ती दोनदा पेटीत परत ठेवायची. शेगडी पेटली नाही तर तुम्ही दुसऱ्यांदा जाणार होतात, आणि या खेपेला माझ्या हातून, साठेवहिनींच्या कढीने.

आज सकाळी काडी लावली. फुस्स झालं नाही. उजेडात ती निळी ज्योत दिसत नाही, तुम्ही तळवा लांबून धरून बघायचात, तसा धरला. ऊब होती. बारीक, एका बाजूने लवणारी, पण टिकून. मी खिडकीतून ओरडले, "वन्सं, लागली!" ओरडल्यावर मला कळलं मी काय केलं ते. स्टुलावर एक मांजर बसलं होतं, ते दचकून पळालं. मी बर्नरवर दूध ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. दूध तापायला जन्माचा वेळ लागला. बरं झालं. मला तेवढा लागणारच होता.

दुपारी पाइपवाला माणूस आला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात मोबाइल. अभयने त्याला आधीच सगळं सांगून ठेवलेलं. त्याने स्वयंपाकघर मापलं, भिंत ठोकून बघितली. अंगणात डोकावला. "आजी, ही टाकी काढायची ना? मुलगा म्हणाला."

वन्सं, आता माझी पंचाईत बघा. आयुष्यभर मी पाइपच्या बाजूने आणि तुम्ही टाकीच्या. आता तुम्ही कोणालाही न सांगता पाइपच्या बाजूला जाऊन बसलात. मग टाकीच्या बाजूने कोणी बोलायचं? कोणीतरी पलीकडे उभं राहायलाच हवं, नाहीतर भांडण चालणार कसं? मी त्याला म्हटलं, "टाकीला हात लावायचा नाही. तिला नुकतंच बरं वाटतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "मग पाइपचं काय करू? हो लिहू की नाही लिहू?"

"काहीच लिहू नका."

"काहीतरी भरावंच लागतं, आजी. बरं, घरात माणसं किती?"

"दोघी," मी म्हटलं. "आणि आमचं अजून एकमत झालेलं नाही."